उतराई : 1897 च्या दुष्काळातलं केडगावचं एक प्रकरण

उपासनेत पाळकसाहेब विचारतात, "प्रभूनं केलेल्या उपकारांबद्दल कुणाला साक्ष द्यायचीय का?" मग कुणीतरी उभं राहतं. ऑपरेशन नीट पार पडलं, मुलाला नोकरी लागली, अपघातात गाडीचा चुराडा झाला पण अंगावर ओरखडा नाही. मंडळी "आमेन" म्हणते, उपकारस्तुतीचं पाकीट दानपेटीत पडतं. कापणीच्या सणाला वेदीपुढे भोपळे, कोंबड्या, ज्वारीच्या पिशव्या येतात, नंतर लिलावात पन्नास रुपयांचा नारळ हौसेनं पाचशेला जातो. यात वाईट काहीच नाही. मला स्वतःला हा लिलाव फार आवडतो.

पण स्तोत्र 116 मधला प्रश्न याच्यापुढे जातो. परमेश्वरानं माझ्यावर इतके उपकार केले, त्यांचा उतराई मी कसा होऊ, असं स्तोत्रकर्ता विचारतो. मराठी बायबलमध्ये 'उतराई' हा शब्द बसलाय आणि तो मला 'आभार' या शब्दापेक्षा कितीतरी जड वाटतो. आभार तोंडानं मानून होतात. उतराई होण्यात ऋण आहे, फेड आहे. आणि देवाची फेड करायची कशी? त्याला काय कमी आहे? या अडचणीतून प्रत्यक्षात वाट काढलेलं एक प्रकरण आपल्याच मुलखात घडलेलं आहे. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण 1896 ते 1898 या दोन-अडीच वर्षांत त्यांनी नेमकं काय केलं, ते या प्रश्नाच्या उजेडात फारसं वाचलं जात नाही.

प्रसंग

1896 साली रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. विधवा, पदरी एक मुलगी मनोरमा, आणि पुण्यात शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी काढलेली निवासी शाळा. हे सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. खर्च अमेरिकेतल्या रमाबाई संघाच्या पैशातून चाले. बॉस्टनला स्थापन झालेल्या या संघानं मदतीचा शब्द दिला होता दहा वर्षांचा. म्हणजे 1898 ला मुदत संपणार.

पुढचं काय, याची तजवीज रमाबाईंनी आधीच करायला घेतली होती. पुण्याच्या पूर्वेला, आजच्या दौंड तालुक्यात, केडगाव स्टेशनजवळ सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी घेतली. फळझाडं लावायची, बाग धरली की उत्पन्न येईल, आणि अमेरिकेचा पैसा थांबला तरी सदन स्वतःच्या पायावर उभं राहील, असा हिशेब. शहाणा हिशेब होता. कुठल्याही विश्वस्त मंडळानं टाळ्या वाजवाव्यात असा.

तेवढ्यात 1896 चा पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतात, म्हणजे जबलपूर-नर्मदेच्या खोऱ्याच्या बाजूला, माणसं रस्त्यावर आली. त्याच शरदात मुंबईत प्लेग उतरला, आणि काही महिन्यांत पुण्यात. पुण्यात आपला व्याप सांभाळून बसलेल्या बाईला मध्य प्रांतात जायचं काही कारण नव्हतं. जमीन नवी, झाडं लहान, पैशाची मुदत संपत आलेली, घरात प्लेगची भीती. त्या गेल्या. रस्त्यावरून, धर्मादाय छावण्यांतून मुली आणि तरुण विधवा गोळा करून आणल्या. काही दुसऱ्या मिशनांकडे सोपवल्या, तरी जवळपास तीनशे जणी त्यांच्याकडेच राहिल्या.

प्लेगच्या बंदोबस्तात इतक्या मुली पुण्यात ठेवणं शक्य नव्हतं. मग जागा एकच उरली, केडगाव. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि गवती छपरं उभी राहिली. स्वतःच्या संस्थेच्या उद्यासाठी राखलेली जमीन परक्या मुलींच्या आजसाठी गेली. तिथूनच 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली.

त्याआधीचा दुष्काळ

हे औदार्य होतं, असं म्हणून पुढे जाता येईल. पण मग प्रकरण कळत नाही. त्यासाठी वीस-बावीस वर्षं मागं जावं लागतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून स्वकीयांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. कुटुंब तीर्थं हिंडत, पुराणं सांगत जगे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात हे पोटाचं साधन आटलं. मोलमजुरी करायची तर विद्वान ब्राह्मणाची प्रतिष्ठा आड येते, भीक मागायची तर जीभ उचलत नाही. होतं नव्हतं ते विकून झालं, दानधर्म झाला, उपासतापास झाले. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात ते कुटुंब अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर राहिलं. वडील जलसमाधी घ्यायला निघाले होते, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन, पण हे नको. रानातून बाहेर पडल्यावर वडील गेले.

मग आई. तापात, भुकेत आईनं भाकरी मागितली. रमा शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात गेली. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायचा होता. तोंडातून शब्द फुटेना. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. उंची कमी म्हणून तिला तो भार खांद्यावर घेता येईना, तिनं डोक्यावर घेतला. मसणवट काही मैल लांब.

थोरली बहीणही वाचली नाही. उरलेली दोन भावंडं हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीनं जीव जायची वेळ आली तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्र काढली. 1878 मध्ये ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता', 'सरस्वती' या पदव्या दिल्या. दोनच वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, 1882 च्या फेब्रुवारीत तेही पटकीनं गेले.

आता यात 'आशीर्वाद' शोधून दाखवा! आपल्या साक्षीच्या वेळेत ही कहाणी बसत नाही. आपल्या साक्षी सुटकेनं संपतात आणि शेजारच्या खाटेवरचा जो वाचला नाही त्याच्याबद्दल गप्प राहतात. ज्या माऊलीचा मुलगा त्याच वॉर्डात गेला ती मागच्या बाकावर बसलेली असते, आणि आपण "देव माझ्या पाठीशी होता" म्हणतो तेव्हा तिला काय ऐकू येत असेल?

रमाबाईंचंही घर असंच रिकामं झालेलं होतं. आई, वडील, बहीण भुकेच्या दिवसांत गेले, आपण राहिलो. देवानं मला वाचवलं, मी त्याची लाडकी, असं म्हणून बसता आलं असतं. 1896 च्या दुष्काळात त्यांना घराबाहेर काढलं ते याच आठवणीनं, हे त्यांनी स्वतः लिहिलेलं आहे. ज्या भुकेनं आपली माणसं नेली ती पुन्हा मुलींच्या दारात उभी आहे हे कळल्यावर त्यांना बसवेना.

शास्त्र काय म्हणतं

हा रमाबाईंचा एकटीचा स्वभाव नव्हे, बायबलमधली ही जुनी रीत आहे. त्यातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 26 वा अध्याय वाचा. प्रथमफळाची टोपली घेऊन आलेल्या शेतकऱ्यानं आभार कसे मानायचे ते तिथं ठरवून दिलंय. टोपली याजकापुढे ठेवायची आणि आधी कहाणी सांगायची: माझा पूर्वज भटका अरामी होता, आम्ही मिसरात उपरे होतो, आमच्यावर जुलूम झाला, देवानं आम्हाला बाहेर काढलं, आणि आता हे पहिलं पीक. सुरुवात पिकापासून नाही, भटकेपणापासून. मग पुढच्या ओळींत या आनंदात लेवी (देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातला) आणि उपरा यांना सामील करून घ्यायचं, आणि दशमांशाचा भाग उपऱ्याला, अनाथाला, विधवेला द्यायचा.

आपण कापणीच्या सणात टोपली तेवढी ठेवलीय. कहाणी गाळली, आणि टोपलीतलं पुन्हा आपणच लिलावात विकत घेतो.

रमाबाईंच्या बाबतीत दोन्ही भाग जाग्यावर आहेत. कहाणी त्यांनी लपवली नाही, रानातला पाला, भाकरीसाठी न उचललेली जीभ, सगळं लिहून ठेवलं. आणि टोपली, म्हणजे ती शंभर एकर, अनाथ आणि विधवा यांच्यापुढे रिकामी केली. अक्षरशः अनाथ आणि विधवाच होत्या त्या.

इथं एक गोष्ट जोडायला हवी. बाप्तिस्मा त्यांनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज इथं घेतला, पण पुढं त्यांनीच कबूल केलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो बदल 1891 च्या सुमाराला आला. ही ओळ मला महत्त्वाची वाटते, कारण पहिल्या आठ वर्षांतही त्या खूप काम करत होत्या, शारदा सदन त्याच काळातलं. काम आणि कृतज्ञता एकच नसते. कामाला हिशेब असतो, मुदत असते, दहा वर्षांचा शब्द असतो. 1896 च्या एप्रिलमध्ये त्या लोणावळ्याच्या शिबिराला गेल्या होत्या, सोबत विश्वासात आलेल्या पंधरा मुली. तिथं आनंदाच्या भरात त्यांनी मागणं केलं ते पंधराचा वर्ग करून दे असं, म्हणजे दोनशे पंचवीस. आहे त्याबद्दल आभार मानताना माणूस सहसा "हे असंच राहू दे" म्हणतो. या बाईनं जबाबदारी पंधरा पट मागून घेतली, तेही पैसा थांबणार हे माहीत असताना. दुष्काळ यायला अजून काही महिने होते.

आभार कुणाचे, आणि किती

इथं प्रकरण अवघड होतं, आणि तेच त्यातलं खरं शिकण्यासारखं.

पहिली अडचण उपकारकर्त्यांची. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला, इंग्लंडात शिकता आलं ते त्यांच्यामुळे. साहजिकच त्यांची अपेक्षा होती की या मुलीनं चर्चची शिस्त आणि शिकवण मुकाट मानावी. रमाबाई वाद घालत राहिल्या. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर प्रश्न विचारले. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून अडून बसल्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं झुगारलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. त्या भगिनींना हा कृतघ्नपणा वाटला असेल. आपल्याकडेही मिशनच्या शाळेत शिकलेल्या, मिशनच्या दवाखान्यात जन्मलेल्या पिढ्यांना हे ऐकावं लागलंय: आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं आणि तुम्ही उलट बोलता? रमाबाईंनी माणसांचं ऋण मानलं, त्यांच्याशी पत्रव्यवहार आयुष्यभर ठेवला, पण देवाला द्यायचा शरणभाव त्यांना दिला नाही. दोन खाती वेगळी ठेवली.

सरकारचंही तसंच. मे 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांना कशी वागणूक मिळते, त्यांच्याकडची एक मुलगी तिथून कशी हरवली, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहून मांडलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनं आरोप धुडकावले. आपल्यातल्या काही सज्जनांची समजूत असते की कृतज्ञ माणूस तक्रार करत नाही, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" म्हटलंय ना! ज्या महिन्यांत रमाबाई देवाचे सर्वांत जास्त उपकार मानत होत्या त्याच महिन्यांत त्या साम्राज्याच्या अंमलदारांवर टीका करत होत्या.

दुसरी अडचण अधिक बोचरी, आणि ती टाळून हे प्रकरण मांडणं अप्रामाणिक होईल. उपाशी मुलीला जेवू घातलं, मग तिनं बाप्तिस्मा घेतला, तर ती श्रद्धा की उपकाराची फेड? या प्रश्नावरून 1893 मध्ये शारदा सदनाचं सल्लागार मंडळ मोडलं होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं बाहेर पडली, 'केसरी'नं झोड उठवली. मुली रमाबाईंच्या खोलीतल्या प्रार्थनेला येऊन बसत. रमाबाईंचं म्हणणं, मी दार बंद करणार नाही आणि कुणाला ओढूनही आणणार नाही. टीकाकारांचं म्हणणं, जिच्या घरात अन्न खातो तिचं उघडं दारही ओढतंच.

मला टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. केडगावला तर शारदा सदनासारखं धर्माबाबत तटस्थ राहण्याचं बंधनही नव्हतं, 'मुक्ती' उघडच ख्रिस्ती होती. भुकेनं मेलेल्या आईबापांची दहा वर्षांची पोर कुठला विचार करून धर्म निवडणार? दुसऱ्या बाजूनं, शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हिनं 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती हिंदूच राहिली, रमाबाईंच्या घरात शिकूनही. म्हणजे फेड म्हणून धर्म मागितला गेला असं सरसकट म्हणता येत नाही. तिची फेड दुसऱ्याच वाटेनं झाली, विधवांच्या कामात.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या घराण्यांना "पोटासाठी झालेले" हा टोमणा पिढ्यानपिढ्या ऐकावा लागला. नगर, पुणे, मराठवाड्यातल्या अनेक मंडळ्यांना तो परिचयाचा आहे. त्यावर माझं उत्तर तयार नाही. एवढंच दिसतं की देवाच्या उपकाराची फेड जेव्हा माणसांकडून वसूल होते तेव्हा ती सडते. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला, तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. "बाकीचे नऊ कोठे आहेत?" असं येशूनं विचारलं खरं, पण नऊ जणांचा कुष्ठरोग त्यानं परत आणला नाही.

पुढं काय झालं

थोडक्यात सांगतो. 1898 ला अमेरिकेतला करार संपला, रमाबाई तिकडे जाऊन आल्या, संघ नव्या रूपात उभा राहिला. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. अंध स्त्रियांसाठी, वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी, म्हाताऱ्यांसाठी वेगळी घरं झाली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांनी चालवलं.

त्या छापखान्याबद्दल मात्र थांबायला हवं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. प्रचलित भाषांतराची मराठी त्यांना जड वाटे. संस्कृतात पदव्या मिळवलेल्या बाईनं संस्कृताचा भार मुद्दाम उतरवला, कारण समोर ज्या बसल्या होत्या त्यांनी दुष्काळाआधी पाटी पाहिली नव्हती. अक्षरं जुळवायला त्याच बायका. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई. छापील बायबल पूर्ण झालं 1924 मध्ये.

अभ्यासगटासाठी

हे प्रकरण गटात घ्यायचं असेल तर "आपण रमाबाईंसारखं व्हायला हवं" या वाक्यापासून लांब राहा. त्या वाक्यानंतर चहाच येतो. त्यापेक्षा प्रत्येकानं मनाशी दोन गोष्टी लिहाव्यात. एक, आपण कुठल्या दारात अडलो होतो: कर्ज, आजार, दारूचं घर, परीक्षा, जात, परक्या शहरातली पहिली खोली. दुसरी, आपली 'केडगावची जमीन' कुठली, म्हणजे शहाणपणानं राखून ठेवलेलं काय. मग या दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध लागतो का, ते बघायचं. काहींचा लागणार नाही, आणि ज्याच्या घरात आज खरंच अडचण आहे त्याच्यावर या अभ्यासाचं ओझं घालू नये. शंभर एकर सगळ्यांकडे नसतात. रमाबाईंकडेही 1874 ला नव्हते.

आणि एक बारकावा सुटू देऊ नका. मध्य प्रांतातल्या त्या मुलींपैकी कुणीही केडगावला मदत मागायला आली नव्हती. रमाबाई आगगाडीनं त्यांच्यापर्यंत गेल्या. बाजरीच्या भाकरीसाठी एका दारात उभी राहिलेली, आणि तोंडातून शब्द न फुटलेली, ती मुलगी त्यांना चांगली ओळखीची होती.